नेम कुणावर? : कॅमेऱ्याच्या स्वयंचलित फोकसची कहाणी

माझ्या कपाटात एक बिघडलेला फोटो जपून ठेवलेला आहे. १९९४ साली मी नववीत होतो. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या शाळेने जलचक्कीची प्रतिकृती मांडली होती. टेबलाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझा मित्र, असे आम्ही दोघे ताठ उभे आहोत. पण आमचे चेहरे ओल्या काचेतून पाहावेत तसे पुसट आले आहेत. आमच्या मागे, मधल्या मोकळ्या जागेतून दिसणारा फळा मात्र विलक्षण स्पष्ट आहे. ‘आजचा सुविचार’ या अक्षरांतला खडूचा तुटक फटकारासुद्धा ओळखता येतो.

विज्ञानाच्या सरांनी हा कॅमेरा आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या मेहुण्यांकडून दोन दिवसांसाठी मागून आणला होता. “यात फोकस करावा लागत नाही, तो आपोआप होतो,” असे त्यांनी आम्हाला कौतुकाने सांगितले होते. आठवड्याने रोल धुऊन आला. आम्हाला वाटले, आपणच हललो. सरांनी फोटो टेबलावर ठेवला आणि विचारले, “अरे, कॅमेरा बिघडलेला नाही. फळा बघा किती स्वच्छ आलाय. मग त्याची चूक नेमकी कोणती?”

आम्हाला उत्तर देता आले नाही. पुढे प्रकाशिकीशी रोजचा संबंध आला, तेव्हा लक्षात आले की सरांच्या त्या एका प्रश्नात स्वयंचलित फोकसचा सारा इतिहास दडलेला आहे. फोकस करणे म्हणजे खरे तर दोन प्रश्नांची उत्तरे देणे. पहिला प्रश्न : वस्तू किती अंतरावर आहे? दुसरा : कोणती वस्तू? पहिला प्रश्न मापनाचा आहे, दुसरा निवडीचा. यंत्राने पहिला प्रश्न बऱ्याच लवकर सोडवला. दुसऱ्याशी त्याची झटापट त्यानंतर कित्येक वर्षे चालली. ती कशी, हे या लेखात पाहू या.

सव्वा मिलिमीटरचा खेळ

बहिर्वक्र भिंगाने पडद्यावर खिडकीची प्रतिमा मिळवण्याचा प्रयोग आपण सर्वांनीच वर्गात केलेला असतो. वस्तू दूर असेल तर प्रतिमा भिंगाच्या नाभीपाशी पडते. वस्तू जवळ आली की प्रतिमा मागे सरकते आणि पडदाही मागे घ्यावा लागतो. कॅमेऱ्यात पडदा म्हणजे फिल्म. ती जागेवरून हलत नाही. म्हणून भिंग पुढे-मागे सरकवायचे. फोकस करणे म्हणजे एवढेच.

हे सरकवणे किती असते? घरगुती कॅमेऱ्यात साधारणपणे ३५ मि.मी. नाभीय अंतराचे भिंग असे. भिंगाचे सूत्र वापरून विद्यार्थ्यांना हे गणित करायला सांगावे. वस्तू अनंत अंतरावर असेल तर प्रतिमा ३५ मि.मी.वर पडते. वस्तू १० मीटरवर असेल तर ३५.१२ मि.मी.वर, ६ मीटरवर असेल तर ३५.२१ मि.मी.वर, २ मीटरवर असेल तर ३५.६२ मि.मी.वर आणि १ मीटरवर असेल तर ३६.२७ मि.मी.वर. क्षितिजावरच्या डोंगरापासून हातभर अंतरावरच्या माणसापर्यंतचे सारे जग अशा रीतीने सव्वा मिलिमीटरच्या आसपास सामावलेले असते.

आता आमचा फोटो घ्या. आम्ही कॅमेऱ्यापासून सुमारे २ मीटरवर होतो आणि फळा ६ मीटरवर. भिंग फळ्यासाठी बसले म्हणजे आमच्यासाठी ते ०.४ मि.मी. इतके चुकीच्या जागी राहिले. भिंगाचे छिद्र १२ मि.मी.च्या आसपास उघडे असेल तर एवढ्या चुकीने चेहऱ्यावरचा प्रत्येक बिंदू नीगेटिव्हवर ०.१५ मि.मी.ची चकती होतो. फोटो मोठा करताना ती चकती चौपट होते, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून अधिक. फोटोतला अख्खा चेहरा दीड सेंटिमीटरचा. त्यात डोळ्यांच्या आणि ओठांच्या कडा विरघळून जाणारच.

आपल्या डोळ्यात हे काम जन्मापासून आपोआप चालते. तिथे भिंग सरकत नाही, तर त्याला जोडलेल्या स्नायूंमुळे त्याची जाडी बदलते. (माशांच्या डोळ्यात मात्र कॅमेऱ्यासारखे भिंगच पुढे-मागे सरकते.) वयाबरोबर हे भिंग ताठर होत जाते आणि चाळिशी आली की ‘चाळिशी’ लागते. मी सध्या त्याच टप्प्यावर असल्याने स्वयंचलित फोकसबद्दल मला हल्ली जरा जास्तच जिव्हाळा वाटतो, हे कबूल करतो.

अंदाज, काच आणि प्रिझम

छायाचित्रणाच्या सुरुवातीच्या काळात छायाचित्रकार डोक्यावर काळे कापड घेऊन कॅमेऱ्याच्या मागच्या खरवडलेल्या काचेवर उलटी प्रतिमा पाही, ती स्पष्ट होईपर्यंत भिंग सरकवी आणि मग काचेच्या जागी प्लेट बसवी. काम अचूक होई, पण तोवर समोरच्याने हलायचे नाही.

१८८८ साली कोडॅक कंपनीने आणलेल्या पेटीसारख्या कॅमेऱ्याने हा प्रश्न टाळूनच टाकला. भिंग कायमचे एका जागी पक्के करायचे आणि छिद्र लहान ठेवायचे. छिद्र लहान असले की चकत्याही लहान राहतात आणि जवळचे-लांबचे बरेचसे खपून जाते. ३५ मि.मी.चे भिंग ५ मीटरवर पक्के केले आणि छिद्र साडेचार मिलिमीटरच्या आत ठेवले, तर सुमारे अडीच मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळे कामचलाऊ स्पष्ट येते. आपल्याकडचा आग्फाचा ‘क्लिक थ्री’, ऐंशीच्या दशकातला ‘हॉट शॉट’ आणि नव्वदच्या दशकातला कोडॅकचा ‘केबी टेन’ हे सारे याच कुळातले. अशा कॅमेऱ्यांवर पुढे ‘फोकस फ्री’ अशी अक्षरे येऊ लागली आणि अनेकांनी त्याचा अर्थ ‘आपोआप फोकस’ असा घेतला. खरा अर्थ ‘फोकस करण्याची सोयच नाही’ असा होता!

ज्यांना अचूकता हवी होती त्यांच्यासाठी अंतरमापकाची युक्ती निघाली. कॅमेऱ्याला दोन खिडक्या ठेवायच्या आणि दोन्हींतून दिसणारी दृश्ये आरशाने एकावर एक आणायची. एक आरसा फिरता ठेवायचा. वस्तूच्या दोन प्रतिमा जुळल्या की आरशाच्या कोनावरून अंतर कळते. हे सरळ त्रिकोणमितीचे गणित आहे. फक्त पाया काही सेंटिमीटरांचा. १९१६ साली कोडॅकच्या एका कॅमेऱ्यात हा मापक भिंगालाच जोडला गेला. १९३२ च्या ‘लायका टू’ कॅमेऱ्यामुळे ही पद्धत वृत्तछायाचित्रकारांच्या हातात रुजली. पुढे आरशाच्या एकभिंगी कॅमेऱ्यात, ज्याला आपण एसएलआर म्हणतो, भिंगातूनच दिसणारे दृश्य पाहून फोकस करता येऊ लागले. त्याच्या काचेच्या मधोमध दोन छोटी प्रिझमे उलटसुलट बसवलेली असत. फोकस चुकला की विजेचा खांब मधे कापल्यासारखा दिसे. जुळला की खांब अखंड.

या सर्व पद्धतींत एक गोष्ट समान होती. ‘किती अंतर’ हे सांगायला साधन होते, पण ‘कोणाचे अंतर’ हे पाहणारा माणूस ठरवी. खांब जुळवायचा की खांबाशेजारचे मूल, हे त्याला कोणी विचारत नसे. तो मुलाकडेच पाहत असे.

मापक यंत्राच्या हाती

१९७० च्या दशकात प्रकाशसंवेदी इलेक्ट्रॉनिक घटक लहान आणि स्वस्त होऊ लागले. लायका बनवणाऱ्या जर्मनीतील लाइट्झ कंपनीने भिंगातून फोकस ओळखणारी आपली रचना १९७६ साली कोलोनच्या ‘फोटोकिना’ प्रदर्शनात दाखवली, पण ती बाजारात आणली नाही. अमेरिकेत हनीवेल कंपनीत नॉर्मन स्टॉफर हे अभियंते याच प्रश्नावर काम करत होते. त्यांनी अंतरमापकाच्या दोन खिडक्यांमागे माणसाच्या डोळ्याऐवजी प्रकाशसंवेदी घटकांच्या दोन छोट्या रांगा ठेवल्या. एक आरसा फिरत जातो, दोन्ही रांगांवरची प्रकाशाची नक्षी सर्वांत जास्त जुळते तो क्षण मंडल ओळखते आणि भिंग त्या जागी थांबते. हे मापक वापरून जपानच्या कोनिका कंपनीने १९७७ साली ‘सी३५ एएफ’ हा कॅमेरा आणला. मोठ्या प्रमाणावर बनलेला आणि विकला गेलेला तो पहिला स्वयंचलित फोकसचा कॅमेरा.

पुढच्याच वर्षी, १९७८ साली, पोलरॉइड कंपनीने वटवाघळाची युक्ती उचलली. त्यांच्या कॅमेऱ्याच्या कपाळावर एक गोल चकती होती. बटण दाबले की ती ५० ते ६० किलोहर्ट्झचा श्रव्यातीत ध्वनी सोडी आणि प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढी. वस्तू २ मीटरवर असेल तर ध्वनीला जाऊन-येऊन ४ मीटर कापायचे. त्याला सुमारे १२ मिलिसेकंद लागतात. पूर्ण अंधारातही हा कॅमेरा अंतर मोजू शके. अडचण एकच. रेल्वेच्या डब्यातून बंद काचेपलीकडचा डोंगर टिपायला गेले की ध्वनी काचेवरूनच परत येई आणि कॅमेरा काचेवर फोकस करी. (ही चकती पुढे सुटी विकली जाऊ लागली आणि यंत्रमानव बनवणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये तिला मोठी मागणी आली.)

१९७९ साली कॅननने ‘एएफ३५एम’मध्ये तिसरी वाट धरली. कॅमेऱ्यातून अवरक्त किरणांचा बारीक झोत टाकायचा आणि वस्तूवरून परतणारा प्रकाश काही सेंटिमीटर दूरच्या दुसऱ्या खिडकीने टिपायचा. कोनावरून पुन्हा तेच त्रिकोणमितीचे गणित. काळे कपडे अवरक्त किरण शोषून घेत, तेव्हा थोडी पंचाईत होई. पण पद्धत स्वस्त आणि वेगवान होती. ऐंशी-नव्वदच्या दशकांत घराघरांत पोचलेल्या कितीतरी छोट्या कॅमेऱ्यांनी तीच वापरली.

आमच्या सरांनी आणलेला कॅमेरा याच जातीचा होता. त्याचा झोत चौकटीच्या अगदी मध्यातून निघे. मधे आम्ही नव्हतोच. आम्ही दोन बाजूंना होतो. झोत आमच्यामधून निघून फळ्यावर पोचला आणि कॅमेऱ्याने ‘६ मीटर’ हे उत्तर दिले. उत्तर बरोबर होते. चूक मापनात नव्हती, निवडीत होती.

यावर उपाय त्या कॅमेऱ्यात होता. आधी कॅमेरा एकाच्या चेहऱ्याकडे वळवायचा, बटण अर्धे दाबून ते मोजमाप धरून ठेवायचे आणि मग कॅमेरा पुन्हा मध्यावर आणून बटण पुरते दाबायचे. म्हणजे ‘कोणावर’ हे माणसाने यंत्राला बोट धरून दाखवायचे. ही माहिती सोबतच्या पुस्तिकेत होती, आणि पुस्तिका मेहुण्यांच्या घरी राहिली होती.

धुक्यातला गिर्यारोहक

एसएलआर कॅमेऱ्यात भिंगे बदलता येतात. दूरदर्शी भिंग लावले की चुकीला वावच राहत नाही. तिथे बाहेरून अंतर मोजण्यापेक्षा भिंगातून येणारा प्रकाशच तपासणे शहाणपणाचे ठरते.

याची एक पद्धत अशी : प्रतिमा स्पष्ट असते तेव्हा तिच्यातल्या उजेड-अंधाराच्या कडा तीव्र असतात, पुसट झाली की त्या मऊ होतात. म्हणून भिंग सरकवत जायचे, कडांची तीव्रता मोजत जायची आणि ती सर्वाधिक असेल तिथे थांबायचे. १९८१ च्या ‘पेंटॅक्स एमई एफ’ या कॅमेऱ्यात अशाच प्रकारची रचना होती. तिची मोटर आणि बॅटऱ्या खास बनवलेल्या भिंगाच्या पोटातच बसवल्या होत्या. पण ती संथ होती. कारण मुळातले आहे. धुक्यात डोंगर चढणाऱ्या गिर्यारोहकाला पायाखालचा उतार कळतो, पण शिखर कुठे आहे हे दिसत नाही. शिखर ओलांडून दोन पावले उतरल्यावरच त्याला कळते की ते मागे राहिले. कडांची तीव्रता मोजणाऱ्या यंत्राचेही तसेच. फोकस चुकला आहे हे त्याला कळते. कोणत्या दिशेला आणि किती, हे कळत नाही.

हे दोन्ही एकदम सांगणारी युक्ती मात्र फार जुनी आहे. क्रिस्टोफ शाइनर हे जेझुइट धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी १६१९ साली इन्सब्रुक येथे डोळ्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात एक साधा प्रयोग आहे. जाड कागदाला जवळजवळ दोन बारीक भोके पाडायची आणि ती एकाच डोळ्यासमोर धरून एक सुई पाहायची. डोळा सुईवर फोकस झाला असेल तर एकच सुई दिसते. जवळच्या किंवा लांबच्या वस्तूवर असेल तर दोन दिसतात.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात भिंगावर जरूर करावा. २० सें.मी. नाभीय अंतराचे भिंग घ्या. त्यावर बसेल असा पुठ्ठा कापून त्यात आडव्या रेषेत, ३ सें.मी. अंतरावर, ५ मि.मी. व्यासाची दोन भोके पाडा. डाव्या भोकावर लाल आणि उजव्यावर हिरवा जिलेटिनचा कागद चिकटवा. वर्गात अंधार करून १ मीटरवर मोबाइलचा टॉर्च पेटवून ठेवा. पलीकडे पडदा २५ सें.मी.वर धरला की एकच ठिपका मिळेल. आता पडदा भिंगाकडे ५ सें.मी. सरकवा. ठिपके दोन होतील, सुमारे ६ मि.मी. अंतरावर, लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. मग पडदा २५ सें.मी.च्या पलीकडे न्या. पुन्हा दोन ठिपके, पण या वेळी अदलाबदल झालेली! (डावे-उजवे दोन्ही वेळा भिंगाच्या मागून, पडद्याकडे तोंड करून ठरवावे.)

या प्रयोगातला महत्त्वाचा भाग असा की ठिपक्यांमधले अंतर चूक ‘किती’ आहे ते सांगते आणि त्यांची बाजू चूक ‘कोणत्या दिशेला’ आहे ते सांगते. एका नजरेत दोन्ही उत्तरे मिळतात. डोंगर चढून-उतरून पाहावा लागत नाही. एसएलआरमधल्या फोकसमापकाचे मर्म हेच आहे. मुख्य आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक ठेवून थोडा प्रकाश मागच्या लहान आरशाने कॅमेऱ्याच्या तळाशी नेतात. तिथे भिंगाच्या दोन विरुद्ध कडांकडून आलेला प्रकाश वेगळा करून प्रकाशसंवेदी घटकांच्या रांगांवर दोन प्रतिमा पाडतात. त्यांच्यातले अंतर सूक्ष्मप्रक्रियक मोजतो आणि मोटरला हुकूम देतो : इतके, या दिशेला.

१९८५ आणि त्याची किंमत

हे सारे एकत्र आणून यशस्वी झालेला कॅमेरा म्हणजे १९८५ च्या सुरुवातीला जपानच्या मिनोल्टा कंपनीने आणलेला ‘७०००’. त्याची मोटर कॅमेऱ्यातच होती आणि स्क्रू-ड्रायव्हरसारख्या एका लहान दांड्याने ती भिंग फिरवी. प्रत्येक भिंगात एक चिप होती. ती आपली माहिती कॅमेऱ्याला सांगे. सोबत भिंगांची संपूर्ण नवी मालिका होती. आधीचे प्रयत्न एखाद्या खास भिंगापुरते होते. इथे पूर्ण प्रणालीच उभी राहिली आणि तिने बाजार हलवला.

१९८८ च्या ‘७०००आय’ने आणखी एक पाऊल टाकले. धावणारे मूल सेकंदाला ५ मीटर वेगाने येत असेल आणि बटण दाबल्यापासून झडप उघडेपर्यंत सेकंदाचा दहावा भाग गेला, तर मूल अर्धा मीटर पुढे आलेले असते. म्हणून नवा कॅमेरा ‘मूल आता कुठे आहे’ याऐवजी ‘झडप उघडेल तेव्हा कुठे असेल’ याचे गणित करू लागला.

पण या बदलाची किंमत मोजावी लागली. मिनोल्टाने भिंग बसवण्याचे कडेच बदलले. त्यामुळे जुन्या ग्राहकांची भिंगे नव्या कॅमेऱ्याला बसेनात. कॅननने १९८७ साली ‘ईओएस ६५०’ आणताना तेच केले. कॅमेरा आणि भिंग यांच्यात यांत्रिक दुवा ठेवलाच नाही, फक्त विद्युत संपर्क ठेवले आणि मोटर प्रत्येक भिंगात घातली. ज्यांनी वर्षानुवर्षे पैसे साठवून कॅननची भिंगे जमवली होती, त्यांच्यावर हा घाव होता. निकॉनने उलट १९५९ पासूनचे आपले कडे तसेच ठेवून १९८६ साली ‘एफ-५०१’ आणला. जुन्या भिंगांचा मान राखला गेला, पण नव्या रचनेला जुन्या चौकटीत राहावे लागले. क्रीडास्पर्धांच्या मैदानांवर नव्वदच्या दशकात कॅननची पांढरी भिंगे मोठ्या संख्येने दिसू लागली, त्यामागे भिंगातल्या वेगवान मोटरांचा मोठा वाटा होता. जुने सांभाळावे की नव्यासाठी पाटी कोरी करावी, या प्रश्नाला सोपे उत्तर नसते. अभ्यासक्रम बदलताना शिक्षकांनाही हा अनुभव येतोच.

दुसरी किंमत न्यायालयात मोजली गेली. मिनोल्टाच्या यशात आपल्या पेटंटांचा वापर झाला आहे, असा दावा हनीवेलने १९८७ साली केला. फेब्रुवारी १९९२ मध्ये अमेरिकेतील ज्युरीने दोन पेटंटांचा भंग झाल्याचे मान्य करून ९ कोटी ६० लाख डॉलरहून अधिक भरपाई ठरवली. मार्चमध्ये १२ कोटी ७५ लाख डॉलरवर समझोता झाला. इतर जपानी कंपन्यांनाही पुढे हनीवेलशी आर्थिक तडजोडी कराव्या लागल्या. पहिला स्वयंचलित फोकसचा कॅमेरा आणणारी कोनिका आणि ही क्रांती घडवणारी मिनोल्टा या दोन्ही कंपन्या २००३ साली एकत्र आल्या आणि २००६ साली कॅमेऱ्याच्या व्यवसायातून बाहेर पडल्या. मिनोल्टाची एसएलआर प्रणाली सोनीकडे गेली. शोध कोणाचा, यश कोणाचे आणि टिकणारे कोण, ही तीन उत्तरे वेगवेगळी असू शकतात.

दुसरा प्रश्न

‘किती अंतर’ हा प्रश्न अशा रीतीने बराचसा सुटला. ‘कोणाचे’ हा मात्र जिथल्या तिथे राहिला. मिनोल्टा ७००० चा मापकसुद्धा चौकटीच्या मध्यावरच पाहत होता. आमचा फोटो त्यानेही बिघडवला असता!

पहिला उपाय म्हणजे पाहण्याच्या जागा वाढवणे. पुढे तीन, चार, पाच अशा जागा आल्या. १९९८ च्या कॅनन ‘ईओएस ३’मध्ये त्या ४५ झाल्या. पण जागा वाढल्या की त्यांतली कोणती निवडायची, हा प्रश्न अधिकच मोठा होतो. बहुतेक कॅमेरे सर्वांत जवळची वस्तू निवडत. माणूस झुडपामागे उभा असेल तर झुडूप स्पष्ट येई.

दुसरा उपाय कल्पक होता. १९९२ च्या कॅनन ‘ईओएस ५’ने माणसालाच विचारायचे ठरवले, पण न बोलता. पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सौम्य अवरक्त प्रकाश टाकून त्याची नजर कोणत्या जागेवर रोखली आहे ते ओळखायचे आणि तिथे फोकस करायचा. चष्मा लावणाऱ्या काहींच्या बाबतीत त्याचा गोंधळ उडे, पण विचार अगदी बरोबर होता : निवड कुठे होते? नजरेत.

तिसरा उपाय आला संगणकाकडून. पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स यांनी २००१ साली चित्रातले चेहरे झटपट शोधण्याची पद्धत मांडली. कपाळापेक्षा डोळ्यांचा पट्टा काळसर असतो, नाकाचा कणा दोन्ही बाजूंपेक्षा उजळ असतो, अशा असंख्य साध्या तुलनांची ती चाळणी होती. २००५ च्या सुमारास चेहरा ओळखणारे डिजिटल कॅमेरे बाजारात आले. त्यानंतर फोकसमापक प्रतिमासंवेदकातच सामावला. २०१३ च्या कॅनन ‘ईओएस ७०डी’मध्ये प्रत्येक चित्रबिंदू दोन भागांत विभागलेला होता, एक भाग भिंगाच्या एका बाजूचा प्रकाश पाही, दुसरा दुसऱ्या बाजूचा. शाइनरची दोन भोके आता लक्षावधी चित्रबिंदूंत शिरली होती. पुढे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकप्रणाली आल्या आणि कॅमेरे माणसाचा डोळा, कुत्र्याचा डोळा, उडत्या पक्ष्याचा डोळा शोधून त्यावर खिळून राहू लागले.

आमच्यासारखे दोघे आज मोबाइलसमोर उभे राहिले तर पडद्यावर दोन चेहऱ्यांभोवती दोन चौकटी उमटतात. सुविचाराच्या फळ्याकडे तो ढुंकूनही पाहणार नाही.

मग सरांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले का? अर्धेच. यंत्राने आमची निवड ओळखली असे म्हणता येणार नाही. लोक बहुधा चेहऱ्यांचे फोटो काढतात, एवढे ते शिकले आहे. समजा, एखाद्या मुलीला आजीच्या चेहऱ्याऐवजी तिच्या सुरकुतलेल्या हातातली सुई टिपायची आहे. कॅमेरा चेहराच धरेल आणि तिला पडद्यावर बोट ठेवून सांगावे लागेल : इथे बघ. चित्रपटांच्या चित्रीकरणात फोकस आजही मोठ्या प्रमाणात हातानेच फिरवला जातो. बोलणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे फोकस केव्हा न्यायचा, हे अंतरावर अवलंबून नसते, गोष्टीवर असते.

म्हणून विद्यार्थ्यांकडून भिंगाचे सूत्र सोडवून घेतल्यावर त्यांना एक काम जरूर द्यावे. वर्गातलेच एखादे दृश्य निवडून एकाच जागेवरून दोन फोटो काढायला सांगावे, एकदा पुढच्या वस्तूवर फोकस करून, एकदा मागच्या. आणि मग विचारावे की दोन्हींत मोजमाप बरोबर असताना तुमचा फोटो कोणता?

आमच्या सरांनी तो फोटो फेकून दिला नाही. मागच्या बाजूला त्यांनी निळ्या शाईने लिहिले आहे : ‘उत्तर बरोबर. प्रश्न चुकला.’ त्यांनी प्रदर्शनात आमच्या जलचक्कीला किती गुण मिळाले ते मी विसरलो आहे. हे वाक्य मात्र प्रयोगशाळेत एखादे उपकरण फार आत्मविश्वासाने आकडा दाखवू लागले, की मला हमखास आठवते.